कल्हई केलेल्या सुया

बाजरी ही काही लालबागेत पेरायची गोष्ट नव्हे. पण मालन शिगवणने ती पेरली, आणि तीही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांत. डबे हवे तेवढे मिळत होते. ते साल एकोणीसशे एकोणसाठ. समितीची मंडळी गिरणगावातली भिंत न् भिंत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहून भरून काढत होती, आणि मालनचे वडील धोंडू शिगवण रिकामे झालेले डबे एकेक करून घरी आणत होते. ते गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि साचे थांबले की समितीचं काम करायचे.

"एवढं शिकून शेवटी बाजरीच पेरायची होती, तर गाव काय वाईट होतं?" शेजारच्या राधाबाईंनी विचारलं.

"गावाला आमच्याकडे भात होतो," मालन म्हणाली.

राधाबाईंनी एका डब्यातल्या मातीत बोट घालून बघितलं आणि ते पदराला पुसत त्या आत गेल्या.

मालन गिरगावातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.साठी संशोधन करत होती. चाळीतून इतकं शिकलेली ती पहिलीच. तिचा विषय घरी कुणाला कळत नसे, आणि तिनेही कधी नीट सांगितला नव्हता. विषय खरं तर सोपा होता. बाजरीच्या प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांच्या सात जोड्या असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणायचं. जोडीतला एक धागा आईकडचा, एक बापाकडचा. परागकण तयार व्हायच्या आधी हे दोन धागे शेजारी शेजारी येऊन बिलगतात आणि आपापले तुकडे एकमेकांना देऊन टाकतात. म्हणून तर आजीचं नाक आणि आजोबांचा हट्ट एकाच धाग्यावरून पुढच्या पिढीत उतरू शकतो. जिथे देवघेव झाली, तिथे दोन्ही धागे थोडा वेळ फुलीसारखे अडकून राहतात. त्या फुल्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात.

या फुल्या धाग्यावर कुठेही पडतात, की काही ठिकाणीच? मालनला श्रावणात एका काचेवर दिसलं होतं, की बाजरीत त्या जवळजवळ सगळ्या टोकांकडे आहेत आणि मधला भाग नुसता मोकळा आहे. ती धावत सरांकडे गेली होती.

सर म्हणजे डॉक्टर हेमचंद्र कोठारे. ठाकूरद्वारच्या जुन्या घरातला माणूस, इस्त्रीचा कोट, बोलणं मोजकं, आणि कौतुक त्याहून मोजकं. त्यांनी काच पाहिली आणि नाकावरचा चष्मा पुसला.

"मिस शिगवण, या फुल्या जुन्या झाल्यात. सुरुवातीला पडतात त्या नंतर सरकत सरकत टोकाला जातात, असं मानतात. त्या आधीच्या अवस्थेत, धागे लांब असताना दाखवा. परदेशात काही झाडांत हे पाहिलेलं आहे, पण बाजरी तुमची. पन्नास जोड्या हव्यात. आणि मोजणार तुम्ही नाही."

"मी नाही?"

"तुम्हाला फुल्या टोकाला हव्या आहेत. हवं ते माणसाला दिसतंच. ज्याला तुम्हाला काय हवंय ते ठाऊक नाही, अशा कुणीतरी मोजायच्या. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी विभागाची बैठक आहे. तोपर्यंत झालं तर हा विषय तुमचा. नाहीतर वाळवलेल्या रोपांची कपाटं लावायला माणूस हवाच आहे."

कपाटं! मालनने ती कपाटं पाहिली होती. तिथे एकदा गेलेला विद्यार्थी डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर घेऊन फिरत असे आणि त्याला पुन्हा कुणी संशोधन वगैरे विचारत नसे. नको ग बाई, असं तिच्या मनात आलं आणि ती कामाला लागली.

लांब धाग्यांची अवस्था फार थोडा वेळ टिकते. कणीस पानाच्या पोटरीत लपलेलं असतानाच काढावं लागतं, आणि सकाळीच. मालनने भाद्रपद आणि आश्विनाचा पहिला आठवडा त्यात घालवला. कधी कणीस कोवळं निघे, कधी जून. शेवटी सात डब्यांपैकी एकाच डब्यात एक कणीस पोटरीत राहिलं. कॉलेजला दसऱ्याची सुट्टी लागली होती, म्हणून तिने सुया, चिमटा आणि बाटल्या घरी आणल्या होत्या. नवमीच्या आदल्या सकाळी तिने ते कणीस काढलं, गॅलरीत बसून सुयांनी कळ्या सोडवल्या आणि स्पिरिट व आम्लाच्या मिश्रणात घातल्या. बाटलीचं बूच तिने दोनदा दाबून पाहिलं. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाजरी नाही. जे काही आहे ते या बाटलीत.

तिची आई गंगुबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. गंगुबाई वीस वर्षं वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होती. चातीवरून सूत चाललेलं असताना त्यातली गाठ, कच्चा धागा, जाडी तिला एका नजरेत दिसायची. तिला आता दिसल्या त्या लेकीच्या सुया. लाकडी मुठींच्या दोन सुया, पण टोकं तांबडीलाल गंजलेली.

"ह्या कशात बुडवतेस गो?" तिने विचारलं.

"रंगात. तो आंबट असतो, शिरक्यासारखा," मालन म्हणाली आणि आंघोळीला गेली.

खालच्या चौकात कल्हईवाल्याचा भाता चालू होता. सणाआधी तो येणारच. नवसागराचा धूर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता, आणि बायकांची रांग जिन्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गिरणगावात त्या दिवशी ज्याच्या हातात जे हत्यार, त्याची पूजा. पाटावर धोंडूंची कात्री आणि मागाच्या फणीत धागा ओवायची आकडी, गंगुबाईची गाठ मारायची सुरी, विळी, हातोडी, आणि सगळ्यांच्या मधोमध मालनच्या दोन सुया. चांदीसारख्या चकचकत होत्या. वर झेंडूचं एकेक फूल.

मालनला भरून आलं. आईला आपला विषय कळत नाही, पण आपली हत्यारं तिने मधोमध मांडली! आईने घासून घासून गंज काढलेला दिसतोय, तिने मनात म्हटलं. गंज उपयोगी असतो हे तिला ठाऊक होतं. रंगाला लोखंडाचा अंश लागला की धागे गडद दिसतात, म्हणूनच प्रयोगशाळेत सुया लोखंडी ठेवतात. पण गंज गेला तरी लोखंड ते लोखंडच, रंगात बुडवलं की काम करेल. तिने आईला काही बोलून सणाचा विरस केला नाही. वाकून आधी सुयांना आणि मग आईला नमस्कार केला.

मंगळवारी कॉलेज उघडलं. मालन पहिल्या ट्रामने गेली. कळी फोडली, काचेवर रंगाचा थेंब टाकला, सुईने घोटलं, वर पातळ काच दाबली, दिव्यावर ऊब दिली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

काही नाही. म्हणजे पेशी होत्या, धागेही होते, पण फिकट गुलाबी, धुतलेल्या लुगड्यावर उरलेल्या डागासारखे. फुली कुठली आणि सावली कुठली, काही कळायला मार्ग नव्हता.

तिने रंग बदलला. आम्ल बदललं. ऊब जास्त दिली, तर पेशी करपल्या. बुधवारी पुन्हा तेच. बाटलीतल्या कळ्या निम्म्या झाल्या. सर शेजारून जाताना थांबले, त्यांनी वाकून पाहिलं.

"रंगच चढलेला नाही. सुई लोखंडी आहे ना?"

"हो सर. नेहमीचीच."

"मग कळ्या बिघडल्या असतील." सर पुढे निघाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी कपाटांचा विषय काढला नाही.

मालन संध्याकाळी घरी आली ती थेट गॅलरीत जाऊन रिकाम्या धाटांसमोर बसली. तिला रडायला येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. गंगुबाई चुलीपाशी आमसुलाचं सार उकळत होती. तिने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा वाटीच घेऊन बाहेर आली.

"तोंड का उतरलाय? घे, घोटभर घे. सकाळचं सार हाय, पितळेच्या टोपात दिवसभर होतं, पण बघ, चव जराशी तरी बदलल्ये? कल्हई चांगली बसली. नायतर आंबट कळकून कडू झालं असतं."

मालनने वाटी तोंडाला लावली, आणि तशीच राहिली.

"आई," ती सावकाश म्हणाली, "माझ्या सुया तू घासल्यास ना?"

"घासल्या तर. चिंच लावून घासल्या, आणि मग खाली कल्हईवाल्याकडून टोकं कथिलात बुडवून आणल्या. तूच बोललीस ना, आंबटात घालतेस म्हणून? आंबटात कुणी उघडं लोखंड घालतं? सगळं कळकून जायचं."

मालनने वाटी खाली ठेवली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि गंगुबाई घाबरून राधाबाईंना हाक मारायच्या बेतात होती.

"अगं आई, तेच तर हवं होतं! कळकायलाच हवं होतं! लोखंड आंबटात उतरतं, म्हणून रंग चढतो. तू त्यावर कथील चढवलंस, आता आत लोखंड असून नसल्यासारखं!"

गंगुबाईला सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढ्याने तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी घालवलं?"

"घालवलं नाहीस ग. कळ्या चांगल्या आहेत, हेच तर कळलं! अजून निम्म्या शिल्लक आहेत. फक्त उद्या सकाळी सुई हवी."

धोंडू समितीच्या सभेला निघाले होते, ते चपला काढून परत आत आले. त्यांनी चाकूने एका सुईची कल्हई खरवडायला घेतली आणि मोठ्या उत्साहात टोकच मोडलं. दुसरी सुई मालनने त्यांच्या हातून काढून घेतली.

"गंजलेलं काहीतरी द्या मला," ती म्हणाली. "बारीक, टोकदार आणि गंजलेलं. कॉलेजात जादा सुई नाही, आणि घासलेलं, तेल लावलेलं लोखंड उतरायला वेळ लावतं, गंज लगेच उतरतो."

आता गंमत अशी, की दसरा नुकताच झालेला. अख्ख्या चाळीत गंजलेला म्हणून खिळा उरला नव्हता. जे होतं ते घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहून ठेवलेलं. गंगुबाई पदर खोचून निघाली आणि दारोदार विचारत सुटली, "तुमच्याकडे गंजलेलं काय हाय?" सणाच्या आठवड्यात असा प्रश्न! राधाबाईंना तो आपल्या सुनेवर, चंपावर, ठपका वाटला. चंपाने आपली विळी बाहेर आणून दाखवली, बघा, तोंड दिसतंय का नाही. तळमजल्यावरचे बाबुराव तर म्हणाले, आमच्याकडे असलं काही नसतं, वरच्या मजल्यावर विचारा. वरच्या मजल्याने तळमजल्याचं नाव सांगितलं.

गंगुबाई परत आली ती दमून गॅलरीत टेकली. समोर ते सात डबे. तिने एका डब्याकडे बघितलं, मग जवळ ओढला. अख्ख्या पावसाळ्यात बाजरीला पाणी घालून घालून डब्याची तारेची कडी गंजून तांबडी झाली होती, बोट लावलं तर बोटाला पूड लागत होती. ज्याच्यात झाड आहे, तो डबा कुणी घासायला घेत नाही.

"धोंडू, पक्कड आण," ती म्हणाली. गंगुबाई नवऱ्याला नावाने हाक मारत नसे. ती त्या वेळी किती भरात होती ते यावरून समजावं.

कडी तोडली, पाट्यावर घासून टोक काढलं, मोडलेल्या सुईच्या मुठीत बसवलं. मालन ती कागदात गुंडाळत असताना गंगुबाई म्हणाली, "उद्या मी पण येणार. मी मोडलं, ते जुळलं का नाय ते मी बघणार." तिने वीस वर्षांत पहिल्यांदा, सांगून सवरून, खाडा केला.

गुरुवारी सकाळी नऊवारी लुगडं नेसलेली गंगुबाई प्रयोगशाळेच्या स्टुलावर अवघडून बसली होती. मालनने कळी फोडली, थेंब टाकला, तारेच्या टोकाने घोटलं. थेंब डोळ्यांदेखत काळपट लाल होत गेला. काच दाबली, ऊब दिली, डोळा लावला.

धागे! लांब, गडद, एकेक वेगळा. जोडीजोडीने पसरलेले, आणि जागोजाग अडकलेले. मालनच्या तोंडून असा काही आवाज निघाला की कोठारे सर आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी पाहिलं. नळी थोडी खाली वर केली आणि पुन्हा पाहिलं.

"उत्तम," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच वापरला असावा. "पण मोजणार कोण? ज्याला मोजायला बसवणार होतो तो वीरेंद्र गावाला गेलाय, आणि माझ्यापासून तुमचा विषय लपलेला नाही."

मालनचा चेहरा उतरला. हे ती गडबडीत विसरलीच होती.

सरांची नजर स्टुलावर गेली. "ह्या कोण?"

"माझी आई. गिरणीत वाइंडिंगला आहे."

"म्हणजे दिवसभर सूत बघतात?"

"सूत काय बघायचं," गंगुबाई म्हणाली. "गाठी बघायच्या."

सर मालनकडे वळले. "मिस शिगवण, आईंना विषय काय सांगितलाय?"

"काहीच नाही, सर." मालनला हे सांगताना लाज वाटली.

"घरी मला एवढंच ठाऊक, की हिची बाजरी खायची नसते," गंगुबाईने खुलासा केला.

"मग तुम्ही बाहेर थांबा," सर मालनला म्हणाले, आणि गंगुबाईकडे वळून त्यांचा आवाज एकदम अदबीचा झाला. "बाई, जरा इथे बसता का?"

दार लोटलं गेलं. मालन व्हरांड्यात उभी राहिली. आतून तिला ऐकू आलं, सर फळ्यावर रेघ ओढत होते, तिचे तीन सारखे भाग करत होते. दोन बाजूंच्या भागांना कड म्हणायचं आणि मधल्याला मध. फुली कुठे आहे, तेवढंच सांगायचं. चांगली म्हणून नाही, वाईट म्हणून नाही, दिसेल तशी.

मग नुसता स्टूल सरकल्याचा आवाज. आईला दिसतच नसेल, मालनला वाटलं. एक डोळा मिटून बघायची सवय कुठे आहे तिला.

"कड," आतून आवाज आला.

मालनने श्वास सोडला.

"कड. ह्याचीच दुसरी, ती पण कड. हा दुसरा धागा. कड... कड."

गंगुबाईचा आवाज हळूहळू खात्यातल्यासारखा चढायला लागला. तिथे चात्यांच्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायची तिची सवय. "कड! कड! हितं एकच हाय, कड!" व्हरांड्यातून जाणारी मुलं थांबून बघायला लागली. मालन भिंतीला टेकून बोटांवर मोजत होती आणि हसत होती.

"मध!"

मालनचं हसू थांबलं.

"नक्की?" सरांचा आवाज.

"मध म्हंजे मध. दिसल्यावर काय खोटं बोलू?"

मग पुन्हा कड, कड, कड. मालनला वाटलं, तो एक 'मध' आईने किती निर्धास्त सांगितला! मला दिसला असता, तर मी त्याच्याकडे काणाडोळा केला असता का? सरांनी आपल्याला बाहेर का काढलं ते तिला त्या वेळी समजलं, आणि त्यांच्यावरचा उरलासुरला राग तिथेच गेला.

दुपार झाली तेव्हा दार उघडलं. सरांच्या कोटाच्या बाहीला खडू लागला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. वीस वर्षांची वाइंडर आणि विलायतेत शिकून आलेला प्राध्यापक, आणि सगळा वेळ ती सांगत होती अन् ते लिहून घेत होते.

"पन्नास जोड्या," ते म्हणाले. "ब्याण्णव फुल्या. त्यांतल्या मधल्या भागात चार. धागे इतके लांब आहेत, की सरकून टोकाला गेल्या असं म्हणायला जागा नाही. पडतानाच त्या कडेला पडतात. उद्याच्या बैठकीत मी स्वतः बोलेन. विषय तुमचा, मिस शिगवण."

मालन आईजवळ गेली. तिने आईचा हात धरला. तो आमसुलाने आणि सुताने खरखरीत झालेला हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला.

"म्हंजे झालं काय?" गंगुबाईने विचारलं.

मग मालनने, आयुष्यात पहिल्यांदा, आईला आपला विषय सांगितला. दोन धागे, त्यांची देवघेव, कडांना होते आणि मधे होत नाही, म्हणून मधलं जे असतं ते पिढ्यान्‌पिढ्या जसंच्या तसं एकत्र पुढे जातं.

गंगुबाईने ऐकून घेतलं. "आमच्या चाळीसारखाच झाला मग," ती म्हणाली. "नळ एका टोकाला, जिना दुसऱ्या टोकाला. वाटीभर कालवण द्यायचं, पोरीचं स्थळ सांगायचं, भांडायचं, सगळं तिथंच. मधल्या खोलीवाल्यांना अजून शेजारणीचं माहेर ठाऊक नाय."

कोठारे सर मोठ्याने हसले. त्यांना हसताना त्या प्रयोगशाळेने कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी निरीक्षणांची वही पुढे ओढली. पानाच्या डोक्यावर एक रकाना होता, मोजणाऱ्याचं नाव. त्यांनी टाक मालनच्या हातात दिला.

मालनने लिहिलं, गंगुबाई धोंडू शिगवण. पुढे हुद्द्याचा रकाना होता. तिथे लोक प्राध्यापक, संशोधक असं लिहीत. मालनने 'हुद्दा' असं मोठ्याने वाचलं आणि ती थबकली.

"थांबलीस का?" गंगुबाई वहीत डोकावत म्हणाली. "लिही की. वाइंडर."

मालनने ठसठशीत अक्षरात लिहिलं. गंगुबाईला वाचता येत नव्हतं, पण ओळीत गाठ नाही ना, तेवढं तिने वाकून बघून घेतलं. मग तिने टेबलावरची तारेची सुई पदराने पुसायला उचलली, एकदम आठवण होऊन जीभ चावली, आणि तशीच, गंजासकट, जपून खाली ठेवली.